‘इनीड’वर प्रश्न काढताना

साताऱ्यात लॅटिन मुळातून वाचणारा विद्यार्थी सापडणं अवघड. आपली एम.ए.ची मुलं व्हर्जिलचं ‘इनीड’ हे लॅटिन महाकाव्य वाचतात ते भाषांतरातून. म्हणून वृत्तावर, शब्दयोजनेवर गुण ठेवू नका. ते खरं तर भाषांतरकाराला जातात.

त्यातल्या कार्थेजच्या राणीवर ‘डिडोचे व्यक्तिचित्र रेखाटा’ असं विचारलंत की गाइडमधलं पाठांतर जसंच्या तसं उतरणार. त्यापेक्षा हे बघा: चौथ्या सर्गात आपल्याला सोडून जाणाऱ्या नायकाला, इनिअसला, शिव्याशाप देणारी डिडो सहाव्या सर्गात पाताळात भेटते, तेव्हा एक शब्द न बोलता पाठ फिरवते. हे गप्प राहणं काय सांगतं, ते विचारा. दोन्ही उतारे प्रश्नपत्रिकेतच छापा.

मग घड्याळ लावून उत्तर आधी स्वतः लिहा. (मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा प्रश्नच बदलावा लागला!) 10 पैकी 4 गुण उताऱ्यातल्या नेमक्या ओळींना, 4 तुलनेला, 2 मांडणीला. तपासताना सगळ्या पेपरांतला एकच प्रश्न सलग तपासा, पुढच्या प्रश्नाला गठ्ठा उलटा करा. बाजू डिडोची घेतली की इनिअसची, याला गुण नाहीत. हे वर्गात आधीच सांगा, नाहीतर मुलं सर कुणाच्या बाजूचे याचाच अंदाज बांधत बसतात.