खान्देशात पहिली खोली घेताना मे महिन्याचा हिशोब धरा

चोपडा, शिरपूर, शहादा, पारोळ्याकडून जळगावला किंवा धुळ्याला राहायला निघालेली मुलं-मुली खोली बहुतेक वेळा जून-जुलैत बघतात. ॲडमिशन तेव्हाच होतं, नोकरीवरही तेव्हाच रुजू व्हायचं असतं. पाऊस पडून गेलेला, भिंती गार, त्यामुळे गच्चीखालची खोलीसुद्धा हवेशीर वाटते. एप्रिल लागला की त्याच खोलीत रात्री बारापर्यंत अंग टेकवत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून खोली कोणत्याही महिन्यात बघा, पण हिशोब मे महिन्याचाच धरा. ऊन, पाणी आणि विजेचं मीटर या तीन गोष्टी नीट बघितल्या तर बाकीचं सगळं नंतर जमवता येतं.

शक्य असेल तर एप्रिल-मेमध्येच, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान खोली बघायला जा. पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावा. मग त्याच दिवशी रात्री नऊला परत जाऊन तीच भिंत बघा. स्लॅब आणि विटा दिवसभर तापतात आणि ती धग रात्री आत सोडतात, त्यामुळे दुपारपेक्षा रात्रीची खोली जास्त खरं सांगते. पावसाळ्यात बघत असाल तर तीन गोष्टी विचारा. वर आणखी मजला आहे की थेट गच्ची? पश्चिमेच्या भिंतीवर दुसऱ्या इमारतीची किंवा झाडाची सावली पडते का? समोरासमोर दोन खिडक्या आहेत का? पत्र्याची खोली पाचशे-हजाराने स्वस्त मिळते, पण उन्हाळ्यात तिथे झोप होत नाही आणि झोप नसेल तर नोकरीही टिकत नाही. ती घेऊ नका. गच्चीखालचीच खोली पदरात पडली तर मार्च संपायच्या आत मालकाच्या परवानगीने वरच्या स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

कूलर लागणारच आहे, तेव्हा तो कुठे बसेल ते खोली बघतानाच ठरवा. कूलर खोलीतल्या हवेलाच फिरवत बसला तर दोन तासांत दमट कोंदटपणा येतो आणि अंग चिकट होतं. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढता आली पाहिजे आणि आतली हवा समोरच्या खिडकीतून निघून गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीत किंवा खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी. जुलैत हवेतच ओल असते, तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. कूलरचं गवत दरवर्षी मार्चमध्ये बदला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार खूप, त्याचा पांढरा थर गवतावर बसतो आणि हवा अडते. आठवड्यातून एकदा टाकीतलं पाणी पूर्ण काढून, टाकी घासून, कोरडी करून भरा. डेंग्यूचे डास याच साठलेल्या पाण्यात वाढतात.

पत्र्याच्या कूलरचा शॉक हा आपल्याकडचा खरा धोका आहे आणि त्याने दरवर्षी माणसं दगावतात. स्वस्त, जुना पत्र्याचा कूलर, दोन पिनांचा प्लग, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे सगळं एकत्र आलं की झालंच. प्लग तीन पिनांचाच हवा. बोर्डात अर्थिंगची वायर खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून टेस्ट लॅम्प लावून तपासून घ्या. बोर्डाला तिसरं भोक दिसतं म्हणून त्यात अर्थिंग आहे असं धरू नका. मालक तयार असेल तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाणी. चालू कूलरच्या पत्र्याला हात लावायचा नाही, पायात चप्पल असली तरी नाही.

आता पाणी. "पाणी येतं का?" असं विचारलं तर प्रत्येक मालक "येतं" म्हणतो. नीट विचारा: किती दिवसाआड येतं, किती वाजता, किती वेळ, आणि मेमध्ये किती दिवसाआड जातं? मालकाला विचारून झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही विचारा, त्यांचं उत्तर जास्त पक्कं असतं. मग हिशोब करा. एका माणसाला अंघोळीला एक बादली, संडासला दीड, भांडी आणि स्वयंपाकाला एक, कपडे एक दिवसाआड धुतले तरी सरासरी अर्धी. चार बादल्या, म्हणजे साधारण ७५ लिटर रोज. पाणी तीन दिवसाआड येत असेल तर पुन्हा येईपर्यंत चार दिवस काढायचे, म्हणजे ३०० लिटर. हे झालं हिवाळ्याचं. उन्हाळ्यात कूलर एका रात्रीत ४० लिटर सहज पितो, चार रात्रींचे १६०. २०० लिटरचा एक ड्रम ठेवला की भागलं असं समजणारा तिसऱ्या दिवशी बादली घेऊन शेजाऱ्याच्या दारात उभा असतो. दोन-तीन ड्रम ठेवायला जागा आहे का, आणि ते भरायला पाईप पोचतो का, हे खोली बघतानाच बघा. नळ पहाटे येणार असेल आणि तुमची एमआयडीसीत रात्रपाळी असेल, तर वरच्या टाकीचं कनेक्शन असलेलीच खोली घ्या. ड्रमला घट्ट झाकण हवं, आणि आठवड्यातून एकदा तो रिकामा करून आतून घासायचा. पिण्याचं पाणी वेगळं. २० लिटरचा जार एकट्याला चार-पाच दिवस जातो, उन्हाळ्यात तीन.

मीटरवरून भांडणं सगळ्यात जास्त होतात. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर बराच जास्त, पुढे आणखी. तीन खोल्या मिळून एकच मीटर असेल आणि प्रत्येकाने ९० युनिट वापरली, तर बिल २७० युनिटचं येतं. प्रत्येकाचा वापर शंभराच्या आत असूनही १७० युनिटना वरचा दर लागतो. म्हणून महावितरणचं स्वतंत्र मीटर असलेली खोली दोनशे-तीनशे रुपये महाग असली तरी परवडते. सबमीटर, म्हणजे मालकाने स्वतः लावलेलं आतलं मीटर असेल, तर युनिटला काय दर ते आधी ठरवा, आणि तो करारात लिहून घ्या. १८० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर १.८ युनिट, महिन्याला ५४. त्यात पंखा, दिवा, फ्रिज मिळवला की शंभरी ओलांडतेच, तेवढे पैसे मेसाठी बाजूला ठेवा.

ताबा घ्यायच्या दिवशी एक चाचणी करा. खोलीतली सगळी बटणं बंद करा, प्लग काढा, आणि मीटरजवळ पाच मिनिटं उभे राहा. मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो, वीज वापरली की तो लुकलुकतो. सगळं बंद असताना तो लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी लाईन आहे, नाहीतर वायरिंगमध्ये गळती आहे. जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटर भाडेकरूच्या मीटरवर असल्याचं बऱ्याचदा असंच उघडकीला येतं. त्याच वेळी रीडिंगचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. इंडक्शन वापरणार असाल तर १६ ॲम्पिअरचा मोठा सॉकेट शोधा. २,००० वॅटची शेगडी लहान सॉकेटवर चालवली की आठवड्याभरात प्लास्टिक जळाल्याचा वास येतो.

करार ११ महिन्यांचाच असो, पण नोंदणी झालेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी होणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी झाली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या माथी. हे शांतपणे सांगितलं की बरेच मालक तयार होतात. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. खर्चाचं म्हणाल तर ४,००० भाडं आणि १०,००० डिपॉझिट धरून ११ महिन्यांचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने शंभर-सव्वाशे रुपयांच्या घरात येतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, शिवाय दस्त हाताळणीचं शुल्क. एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याचे पैसे वेगळे. आधार, पॅन आणि दोन साक्षीदार तयार ठेवा. भाडं कधी वाढवणार, किती, रंगकाम कुणाचं, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे पाच मुद्दे कागदावर हवेतच. भाडेकरूची माहिती पोलिसांत ऑनलाइन भरली जाते, तिची पावती जपून ठेवा. बँकेत पत्ता बदलायला नोंदणी झालेला करार चालतो का, ते तुमच्या बँकेत विचारून घ्या. आधारवरचा पत्ता मात्र वर्षभर तरी गावचाच राहू द्या, खोली लगेच बदलली तर पुन्हा सगळी धावपळ.

गॅसचं कनेक्शन लगेच मिळत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलेंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडतो, पण एकट्याला महिनाभर पुरतो. अवैधरीत्या भरून देणाऱ्या दुकानातून भरू नका, तिथे वॉशर तपासत नाहीत. रबरी नळी आयएसआयची, आणि पाच वर्षांनी बदलायचीच. वास आला तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

मेस लावणार असाल तर महिन्याचे पैसे भरण्याआधी चार दिवस सुटं जेवून बघा. पण भाकरी शिकून घ्या. नवशिक्याने ज्वारीच्या भाकरीपासून सुरुवात केली की ती थापताना चिरते आणि माणूस आठवड्यात नाद सोडतो. आपल्याकडची कळण्याची भाकरी त्यापेक्षा सोपी. एक किलो ज्वारी, दादर जातीची मिळाली तर उत्तम, पाव किलो सालीसकट काळे उडीद आणि दोन चमचे मीठ, चक्कीवर जरा भरड दळून आणायचं. उडदाला चिकटपणा असतो, त्यामुळे कडा कमी फाटतात. एका वेळी दोन किलोच्या वर दळू नका, पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते. एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ. पाणी थोडं थोडं घालत तळहाताच्या टाचेने पीठ मळा, गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली नाही की पीठ तयार. थापताना मध्यभागापेक्षा कडा जाड राहू देऊ नका. तव्यावर टाकली की वरून ओला हात फिरवा, आणि ते पाणी सुकत आलं की लगेच उलटा. उशीर झाला की वरची बाजू तडकते, आणि तडकलेली भाकरी वाफ धरत नाही, म्हणून फुगत नाही. पीठ जुनंच असेल तर उकळत्या पाण्यात मळा, बरंच सावरतं.

थकून आलात त्या रात्री खिचडी. पाऊण वाटी तांदूळ, अर्धी वाटी तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, मीठ, साडेतीन वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. वरून कच्चं तेल किंवा लसणाची फोडणी, सोबत पापड. पापड, बिबडे, कुरडया आणि काळा मसाला घरून आणा. उन्हाळ्यातलं वाळवण वर्षभर पुरतं आणि घरच्यांनाही पाठवायला बरं वाटतं. मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा टाका आणि बरणी शेगडीपासून लांब ठेवा, वाफेने मसाला गोळा होतो. हिवाळ्यात भरिताची हिरवी वांगी आली की गॅसवरच जाळी ठेवून भाजा, पण आधी सुरीने दोन-तीन टोचे मारा, नाहीतर ती फुटतात.

एकट्याला ताप किंवा जुलाब झाले तर पहिले काही तास महत्त्वाचे, उन्हाळ्यात तर फारच. ओआरएसची चार पाकिटं घरात ठेवा. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर त्रास वाढतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करा. शुद्ध हरपत असेल किंवा अंग कोरडं पडून तापलं असेल तर १०८. शेजारच्या एका घराचा नंबर आणि तुमच्या घरचा नंबर एकमेकांकडे देऊन ठेवा.

राहिलं घरच्यांचं. आपल्याकडे "वेगळा निघाला" म्हणजे चूल वेगळी केली, भांडण झालं, वाटणी आली असाच अर्थ लागतो. त्यामुळे "मी वेगळं राहणार" हे वाक्य आई-वडिलांच्या कानाला फार लागतं, मुलीच्या तोंडून आलं तर जास्तच. "खोली घेतोय" म्हणा, आणि खोली पक्की करण्याआधी त्यांना एकदा आणून दाखवा. आईने मोरी बघितली आणि वडिलांनी मालकाशी दोन शब्द बोलले की अर्धी काळजी तिथेच मिटते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), कानबाईच्या सणाला आणि दिवाळीला घरी येणार हे आधीच सांगून टाका आणि त्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच कामावर मागून ठेवा. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून तिकीट निम्मं आहे, महिन्यातून दोनदा घरी जाणं खिशाला जड नाही.

निघण्याआधी तीन महिन्यांचा खर्च हातात असू द्या: भाडं, जेवण, वीज, प्रवास, आणि डिपॉझिट वेगळं. खोली सोडताना ठरल्याप्रमाणे महिनाभर आधी लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. शेवटच्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, मोरी यांचे फोटो काढा आणि पहिल्या दिवशीच्या फोटोंच्या शेजारी लावून मालकाला पाठवा. किल्ली डिपॉझिट हातात पडतानाच द्या.