कुंभारकामाचं जुनं इलेक्ट्रिक चाक दुरुस्त करताना या चुका टाळा

चाक अडखळायला लागलं की पहिला हात वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या झाकणाकडे जातो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. जुन्या चाकातले बरेच बिघाड साधे असतात: सैल पट्टा, संपलेले कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे), मातीचं पाणी शिरलेलं बेअरिंग, पेडलमधला झिजलेला पॉट (पेडल दाबलं की वेग बदलणारा, कमी-जास्त होणारा रोध). सर्किट बोर्डाची पाळी सगळ्यांत शेवटी.

पट्टा न उतरवता निदान करू नका

प्लग काढा, मोटरचे बोल्ट सैल करा, पट्टा उतरवा. आता चाकाचे दोन भाग झाले आणि प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र. वरची चकती एका हाताने सावकाश फिरवा, दुसऱ्या हाताची बोटं बेअरिंगच्या घरावर ठेवा. वाळूत काही घासल्यासारखी करकर बोटांना लागली तर बेअरिंग गेलं. चकतीला वर-खाली किंवा आडवं हलवून पाहा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंगचे बोल्ट आणि ग्रब स्क्रू (शाफ्टला धरून ठेवणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) आवळा, मगच बेअरिंगला दोष द्या.

नंतर नुसती मोटर चालवा, बाही आणि ओढणी पुलीपासून लांब ठेवून. रिकामी मोटरच झटके देत असेल तर बेअरिंग बदलून काही साधणार नाही.

मोटर की कंट्रोलर, हे ठरवायला कायमचुंबकी डीसी मोटरची एक सोपी परीक्षा आहे. प्लग काढलेला असताना मोटरच्या दोन्ही तारा कंट्रोलरपासून सोडवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. तो हलका फिरतो. आता त्या तारांची टोकं एकमेकांना जोडून फिरवा. कुणी धरून ठेवल्यासारखा तो जड लागायला हवा, कारण मोटर जनरेटर बनते आणि स्वतःलाच ब्रेक लावते. फरक जाणवलाच नाही तर ब्रश टेकत नाहीत किंवा आतली गुंडाळी तुटली आहे.

ब्रश ‘अजून चालतील’ म्हणून ठेवू नका

माती दाबली की चाक मंदावतं, मधूनच झटका देतं, जळका वास येतो: आधी ब्रश पाहा. लांबी ६ ते ८ मिमीच्या आत आली असेल तर दोन्ही ब्रश एकदम बदला. जुना ब्रश चांगला निघाला तर तो होता त्याच जागी, त्याच बाजूने परत घाला. त्याचं टोक कम्युटेटरच्या, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल भागाच्या, गोलाईला बसलेलं असतं. उलटा घातला की ठिणग्या वाढतात. नवा ब्रश घातल्यावर अर्धा तास पट्ट्याशिवाय मध्यम वेगात चालवा, म्हणजे टोक घासून नीट बसतं.

कम्युटेटरवर एकसारखी तपकिरी झाक असेल तर ती चांगलीच आहे, घासून चकचकीत करू नका. काळे, जळके डाग असतील तरच बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत अडकतात. फटींतली काजळी टोकदार काडीने काढा. धूळ हवेच्या झोताने उडवली तर ती बेअरिंगमध्ये आणि तुमच्या फुफ्फुसात जाते. मातीच्या धुळीत सिलिका असतं, म्हणून मास्क लावा, व्हॅक्यूम वापरा आणि ओल्या फडक्याने पुसा.

‘पेडलमध्ये कसली आलीय वीज?’

ही समजूत जिवावर बेतू शकते. थायरिस्टरवर (वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागावर) चालणाऱ्या बऱ्याच जुन्या कंट्रोलरमध्ये पेडलकडे जाणाऱ्या बारीक तारा मुख्य विजेपासून अलग केलेल्या नसतात. प्लग काढून काही मिनिटं थांबा, मगच पेडल किंवा कंट्रोलर उघडा. प्लगची अर्थिंगची पिन आणि चाकाचं धातूचं अंग यांच्यातला रोधही मोजा. तो १ ओहमच्या आत हवा.

पॉटच्या मधल्या आणि एका टोकाच्या पायावर मल्टिमीटर लावून पेडल अगदी सावकाश दाबा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा. फरक पडला नाही तर तेवढ्याच ओहमचा लिनिअर (एकसारखा बदलणारा) पॉट बसवा. पेडल सोडलं तरी चाक पूर्ण वेगात पळत असेल तर पॉटची एक तार तुटली आहे किंवा थायरिस्टर शॉर्ट झालाय.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर कारण शोधा. जास्त अँपिअरचा फ्यूज घालणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे फ्यूजऐवजी मोटर जाळणं.

ट्रिमर अंदाजाने फिरवू नका

ट्रिमर म्हणजे कंट्रोलरच्या बोर्डावरचे जुळवणीचे छोटे स्क्रू; ते फिरवण्याआधी त्यांच्या जागेवर मार्करने खूण करा. पेडल सोडल्यावर चाक हळूहळू सरकत राहिलं तर किमान वेगाचा ट्रिमर किंचित कमी करा. भार आल्यावर मोटरला जोर देणारा आयआर ट्रिमर जास्त वाढवला की चाक लाटेसारखं कमी-जास्त पळतं.

पट्टा आणि बेअरिंग

पट्टा घसरतो म्हणून तो तारेसारखा ताणला की बेअरिंगवर भार येतो आणि ती लवकर जातात. दोन पुलींमधल्या मोकळ्या पट्ट्याच्या दर १०० मिमीला साधारण १.५ मिमी, एवढाच तो अंगठ्याने दबावा. घासून चकाकणारा पट्टा बदला, त्यावर तेलकट काही लावू नका.

बेअरिंगमध्ये गंज काढायचा स्प्रे मारला की आवाज दोन दिवस थांबतो, पण आतलं ग्रीस धुऊन जातं. बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचून तसंच आणा. ६२०४ म्हणजे आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, रुंदी १४. मातीच्या पाण्यासाठी रबरी सील असलेलं ‘२आरएस’ घ्या, पत्र्याच्या झाकणाचं ‘झेडझेड’ नको. शाफ्टवर घट्ट बसणारं बेअरिंग आतल्या कड्यावर नळी टेकवूनच ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर घाव गोळ्यांतून जातो, त्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

शेवटी चकती बसवण्यापूर्वी शाफ्टचं टोक आणि चकतीची बैठक ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. ४० मिमीच्या बैठकीत एका कडेला ०.१ मिमी जाडीचा वाळक्या मातीचा पापुद्रा अडकला तरी ३०० मिमीच्या चकतीची एक कड समोरच्या कडेपेक्षा पाऊण मिमी वर राहते.