ब्रेडच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या दुकानातून आमच्या घरी किराणा येतो, तिथे ब्रेडची मांडणी दारातच आहे. आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मधुमेहाचे निदान झाले तेव्हा दुकानदाराने आपुलकीने सांगितले होते, "ताई, शुगरवाल्यांना ब्राऊनच न्या, सगळे तेच नेतात." आम्ही तेच नेले आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे तेच नेत राहिलो. एका सकाळी आण्णांचे गोळ्यांच्या पट्ट्या वाचण्याचे भिंग चहाच्या टेबलावर पडले होते, ते मी सहज पाकिटाच्या मागच्या बारीक मजकुरावर धरले. यादीतला पहिलाच घटक मैदा निघाला, तिसरा साखर, आणि ज्या तपकिरी रंगावर आम्ही एवढा विश्वास टाकला होता तो यादीच्या शेपटाला ‘कॅरॅमल, आयएनएस १५०ए’ म्हणून नोंदवलेला होता (आयएनएस म्हणजे अन्नात घातल्या जाणाऱ्या रंग, परिरक्षक वगैरे पदार्थांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). कंपनीने काहीही लपवलेले नव्हते, सगळे छापलेले होते. दोन वर्षांत ते एकदाही वाचले नाही, ही चूक सर्वस्वी आमची.

त्यानंतर पाकिटे वाचण्याची सवय लागली, आणि वाचतानाही माणूस किती ठिकाणी घसरतो हे हळूहळू कळत गेले.

रंगावरून आणि नावावरून पारख करणे

गिरणीतून दळून आणलेल्या कणकेचा रंग आपल्या घरात कोणालाही सांगावा लागत नाही: फिकट, किंचित तांबूस, मध्ये कोंड्याचे बारीक ठिपके. त्या कणकेचा ब्रेड भाजल्यावरही आतून साधारण तसाच दिसायला हवा. स्लाइस आतपर्यंत एकसारखी गडद, चॉकलेटकडे झुकणारी दिसत असेल तर तो रंग बहुधा गव्हाचा नसतो, कॅरॅमलचा किंवा माल्टचा असतो. कॅरॅमल हा परवानगी असलेला रंग आहे आणि त्याच्या अस्तित्वाने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु कणकेचा आभास निर्माण करण्यापलीकडे त्याचे ब्रेडमध्ये काही काम नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

ठिपके दिसले म्हणजे कणीक, असेही मात्र नाही. मैद्यात वेगळा कोंडा मिसळून केलेला ब्रेडही ठिपकेदार दिसतो. अशा पाकिटावर आधी मैदा आणि नंतर ‘व्हीट ब्रान’ म्हणजे गव्हाचा कोंडा असे दोन घटक स्वतंत्र लिहिलेले आढळतात. त्यातून तंतू काही प्रमाणात मिळतात, पण मैदा करताना काढून टाकलेला गव्हाचा अंकुर काही परत येत नाही.

पहिला घटक वाचून थांबणे

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच एफएसएसएआयच्या, नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त ते आधी, जे सर्वांत कमी ते शेवटी. पाकिटावर शब्दांनी किंवा चित्राने एखाद्या घटकाची विशेष जाहिरात केली असेल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांतही सांगावे लागते. मैदा इंग्रजीत ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ या भारदस्त नावाने येतो आणि कणीक ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ म्हणून येते. नुसत्या ‘व्हीट’ या शब्दावर डोळा ठेवणारा वाचक इथेच चुकतो.

आता टक्क्यांचा हिशेब. पूर्ण कणकेच्या ब्रेडवर ‘आटा ५७ टक्के’ असे वाचून माझ्या शेजारणीने "उरलेले ४३ टक्के काय, भेसळ का?" असे विचारले होते. तसे नसते. ब्रेडच्या भिजवलेल्या पिठात पाणी पुष्कळ असते आणि यीस्ट, मीठ, तेल, साखर धरून पिठाचा वाटा एकूण वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहतो. त्यामुळे यादीत मैदा अजिबात नसेल आणि आटा ५५ ते ६० टक्के असेल, तर त्या ब्रेडमधले पीठ जवळपास सगळे कणकेचे आहे असे समजावे. उलट ‘मैदा ४० टक्के, आटा १६ टक्के’ असे लिहिलेले असेल तर हिशेब वेगळा होतो: एकूण पीठ ५६ टक्के, त्यात कणीक १६, म्हणजे तीस टक्क्यांपेक्षाही कमी. असे पाकीट ‘गव्हाच्या गुणांसह’ किंवा ‘आटायुक्त’ अशा शब्दांनी पुढून सजवता येते, कारण ‘कणकेचा’ आणि ‘कणीक असलेला’ यांतल्या फरकाकडे घाईत असलेल्या गिऱ्हाइकाचे लक्ष जात नाही.

मीठ कुठे येते ते न पाहणे

मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती हीच आहे. ब्रेडमध्ये मीठ चवीपुरतेच असते, पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. यादी उतरत्या क्रमाने असल्यामुळे मिठाच्या खाली जे जे लिहिले आहे, ते प्रत्येक मिठापेक्षा कमी किंवा फार तर तेवढेच आहे. म्हणून यादीत आधी ‘आयोडाइज्ड सॉल्ट’ शोधावे आणि मनातल्या मनात तिथे आडवी रेघ ओढावी.

मल्टीग्रेन ब्रेडवर ही रेघ ओढून पाहिली की पाकिटावरचे चित्र आणि आतला माल यांची तुलना आपोआप होते. नमुन्यादाखल एक यादी घेऊ: मैदा, पाणी, साखर, यीस्ट, ग्लुटेन, पाम तेल, मीठ, ओट्स, नाचणी, ज्वारी, जवस, तीळ. चित्रात ज्वारीचे डोलणारे कणीस आहे आणि यादीत ज्वारी मिठाच्या तीन पायऱ्या खाली आहे. जत-आटपाडीकडची ज्वारी ज्यांच्या घरी पोत्याने येते, त्यांनी अशा ब्रेडमधून ज्वारी मिळवण्याचा खटाटोप करू नये. अर्ध्या भाकरीत ती त्याच्या कितीतरी पट मिळेल.

यामागे उत्पादकाची कंजुषी असते तशी पिठाची अडचणही असते. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते, म्हणून त्यांचे पीठ यीस्टने तयार केलेला वायू धरून ठेवू शकत नाही आणि त्यांचे प्रमाण वाढवले की ब्रेड फुगत नाही, भुगा होतो. कणकेच्या ब्रेडमध्येही कोंड्यामुळे फुगवटा कमी पडतो, म्हणून त्यात बाहेरून ग्लुटेन घालतात. यादीत ग्लुटेन दिसले म्हणून निरोगी माणसाने दचकण्याचे कारण नाही. सीलिअॅक आजार, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा आजार, असलेल्यांची गोष्ट निराळी, आणि त्यांच्यासाठी एक इशारा आपल्या भागात आवर्जून द्यावा लागतो: कृष्णाकाठचा खपली गहू कितीही जुना आणि पचायला हलका म्हणून नावाजलेला असला, तरी तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. खपलीच्या ब्रेडवर खपलीची टक्केवारी किती आणि सोबत मैदा किती, हे बाकीच्यांनीही पाहूनच घ्यावे. खिरीच्या आठवणीवर विसंबून पैसे मोजू नयेत.

साखर एकाच नावाने शोधणे

यीस्टला चेतवण्यासाठी थोडी साखर घालतात आणि ती बरीचशी यीस्टच खाऊन टाकते, त्यामुळे यादीत साखर आहे एवढ्यावरून ब्रेड वाईट ठरत नाही. पाहायचे ते तिचे स्थान आणि तिची भावंडे. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट अर्क, मध, गूळ ही सगळी गोडीच आहे, आणि ती तीन-चार नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. एकत्र मोजली असती तर तीच गोडी पाण्यानंतर लगेच दिसली असती. मिल्क ब्रेड आणि फ्रूट ब्रेड यांत साखर जास्त असणारच. तो खाऊ म्हणून घ्यावा, रोजचा नाश्ता म्हणून नव्हे.

नको त्या आकड्याला घाबरणे

आयएनएस हा आकडा दिसला की ‘केमिकल’ म्हणून पाकीट खाली ठेवणारे आणि काहीच न पाहता पिशवीत टाकणारे, असे दोन पंथ आमच्या सोसायटीत आहेत. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, पीठ मजबूत करण्यासाठी वापरलेले. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. ४७१ आणि ४८१ हे ब्रेड मऊ ठेवणारे पदार्थ. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, हे बुरशी रोखणारे परिरक्षक.

या शेवटच्याविषयी माझे मत बदलले ते एका उन्हाळ्यात. परिरक्षक नसलेला ब्रेड मोठ्या अभिमानाने आणला होता. एप्रिलच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी पाकीट उघडले तर अतिपक्व फळासारखा गोडसर वास आला आणि स्लाइस तोडताना आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी चिकट तार निघाली. बुरशीचा कुठे मागमूस नव्हता. हा बॅसिलस जातीच्या जिवाणूंचा प्रताप असतो, ज्यांचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतही मरत नाहीत आणि उष्ण हवेत पुन्हा वाढीला लागतात. असा ब्रेड भाजून खाऊ नये, टाकून द्यावा. बुरशी आलेल्या ब्रेडचेही तेच. हिरवा डाग आलेली एक स्लाइस काढून उरलेला पुडा वापरणे चूक आहे, कारण मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे धागे डागाच्या पुष्कळ पुढे गेलेले असतात. २८२ नको असेल तर अवश्य टाळावे, मात्र मग दोन दिवसांत संपेल एवढाच पुडा आणावा.

खरोखर नको असलेला आकडा आहे ९२४ए, म्हणजे पोटॅशियम ब्रोमेट. मे २०१६मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ब्रेड-पावाच्या ३८ नमुन्यांच्या तपासणीचा अहवाल जाहीर केला, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट यांचे अंश सापडले होते. ब्रोमेट कर्करोगकारक असण्याची शक्यता असल्याने त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने ते परवानगीच्या यादीतून काढून टाकले. आज ते कोणत्याही पाकिटावर दिसता कामा नये.

पोषणमूल्यांचा तक्ता चुकीच्या रकान्यातून वाचणे

एका पाकिटावर ‘प्रति सर्व्हिंग’ म्हणजे एक स्लाइस असते, दुसऱ्यावर दोन, आणि स्लाइसही कुठे २५ ग्रॅमची तर कुठे ३५ ग्रॅमची. दोन ब्रेडची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यातूनच करावी. त्यात मी तीन ओळी पाहते. पहिली तंतूंची: १०० ग्रॅमला किमान ३ ग्रॅम असतील तरच ‘तंतूंचा स्रोत’ आणि ६ ग्रॅम असतील तरच ‘तंतूंनी समृद्ध’ असे म्हणता येते, आणि चांगल्या कणकेच्या ब्रेडला सहाच्या आसपास जायला अडचण पडत नाही. कर्बोदकांना तंतूंनी भागून पाहणे त्याहून बरे. दहा ग्रॅम कर्बोदकांमागे एक ग्रॅम तंतू येत असेल तर ब्रेड ठीक आहे.

दुसरी ओळ सोडियमची. ब्रेड खारट लागत नाही म्हणून ती कोणी वाचत नाही. १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ सव्वा ग्रॅमच्या जरा आत येते. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची. २५ ग्रॅमच्या चार स्लाइसमध्ये तिचा पाचव्याहून थोडा जास्त हिस्सा संपतो, आणि लोणी, चीज, सॉस यांचे मीठ वेगळे. तिसरी ओळ साखरेची, तिच्याविषयी वर आलेच आहे. ट्रान्स फॅटची ओळ ब्रेडपेक्षा खारी, टोस्ट आणि क्रीमरोल यांच्या पाकिटांवर अधिक बारकाईने पाहावी.

बेकरीचा पुडा यादीविना घेणे

गल्लीतल्या बेकरीचा ताजा ब्रेड पारदर्शक पिशवीत, वर फक्त बेकरीचे नाव, असा अजूनही मिळतो. ताजेपणा हा गुण आहेच, परंतु बंद पिशवीवर घटक, तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक असणे हे गिऱ्हाइकावरचे उपकार नव्हेत. आमच्या बेकरीवाल्या काकांना मी एवढेच विचारले, "काका, आट्याच्या ब्रेडात मैदा किती घालता?" त्यांनी जरा थांबून, पण खरे सांगितले, "निम्मा. नाहीतर फुगत नाही हो, आणि लोक दगड म्हणतात." छापील यादीइतकेच मोलाचे हे उत्तर मला मिळाले आणि मी तो ब्रेड निम्मा मैद्याचा म्हणूनच घेते.

पूर्ण कणकेचा म्हणून हवा तेवढा खाणे

आण्णांच्या बाबतीत शेवटी इथेच आम्ही पुन्हा चुकलो. मैदा सोडून पूर्ण कणकेचा ब्रेड सुरू केला आणि तो पथ्याचा म्हणून ते चार-चार स्लाइस खाऊ लागले. जेवणानंतरची साखर काही उतरेना. बारीक दळलेल्या कणकेचा ब्रेड रक्तातली साखर जवळपास पांढऱ्या ब्रेडइतक्याच वेगाने वाढवतो; ग्लायसेमिक निर्देशांकाच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत पांढऱ्याची सरासरी ७५ आणि कणकेच्या ब्रेडची ७४ आहे. कणकेच्या ब्रेडचे तंतू, जीवनसत्त्वे आणि खनिजे हे लाभ खरे आहेत, पण पथ्य मोजणीतच असते. डॉक्टरांशी बोलून आण्णांच्या आता दोन स्लाइस ठरल्या आहेत, सोबत मटकीची उसळ किंवा उकडलेले अंडे. उरलेला पुडा मी दोन-दोन स्लाइसच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवते, कारण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ब्रेड लवकर कडक होतो. सकाळी गोठलेली स्लाइस थेट तव्यावर टाकली की पाच मिनिटांत तयार होते, आणि पुडीत तिसरी स्लाइस नसल्यामुळे मागायचीही सोय उरत नाही, अशी आण्णांची तक्रार आहे.