ठाण्यात तबल्याचा क्लास लावताय? आधी तिथे नगमा लागतो का बघा

ठाण्यात तबल्याचा क्लास शोधायला वणवण करावी लागत नाही. थोर तबलावादक थिरकवाँ खाँसाहेबांचे शिष्य पं. भाई गायतोंडे याच गावात राहायचे, त्यामुळे इथे शिकवणारे आहेत आणि चांगलं ऐकलेले पालकही आहेत. नवी मुंबईकरांना वाशीचं गांधर्व महाविद्यालय आहेच. खरी पंचाईत निवडताना होते.

घोडबंदर रोडला राहत असाल, तर स्टेशनजवळच्या नामवंत गुरुजींचा हट्ट सोडा. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये भल्याभल्यांचा उत्साह विरतो. शिवाय मोठ्या नावाकडे गेलात तरी सुरुवातीला बहुतेकदा त्यांचा शिष्यच शिकवतो. त्यापेक्षा घराजवळचा, सुट्ट्या न घेणारा माणूस शंभर पटींनी बरा.

आता मी अडकलो तो सापळा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही परीक्षांची शिडी वाईट नाही. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून घरचेही खूश असतात. पण माझ्या क्लासात परीक्षेपुरते कायदे-पलटे, म्हणजे ठरावीक बोलांच्या रचना आणि त्यांचे विस्तार, घोटून घ्यायचे, बस्स. नगमा, म्हणजे तालाच्या मापाने पुन्हापुन्हा वाजणारी पेटीची सुरावट, कधी लागलाच नाही. मध्यमा झाल्यावर सोसायटीच्या गणपतीत एका काकूंच्या साथीला बसलो. त्यांनी सोळा मात्रांच्या तीनतालातल्या बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासून उचलला. मी त्यांच्या पहिल्याच अक्षराला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, समजून दणकून ‘धा’ मारला. म्हणजे त्यांची सम माझ्या खालीवर, जिथून ठेका हलका होतो त्या नवव्या मात्रेवर! त्या समेवर आल्या की लगेच माझा डग्गा बंद, त्या खालीत असायच्या तेव्हा डग्गा घुमतोय. बिचाऱ्या मांडीवर टाळी देऊन सम दाखवत होत्या, आणि मी आपला सोळा मात्रा बिनचूक मोजतोय. मात्रा एकही चुकली नव्हती, हेच तर दुखणं. सम नुसती मोजून सापडत नाही, समोरच्याच्या गाण्यात ऐकावी लागते, आणि तो कान नगम्यावरच तयार होतो. एकट्याने कितीही चौगुन, म्हणजे चौपट लयीत, वाजवा, तो यायचा नाही.

म्हणून फी भरण्याआधी एक तास नुसते बसून बघा. पेटीवर किंवा निदान मोबाइलवर नगमा लागतो का? मुलं हातावर टाळी-खाली धरून पढंत करतात का, म्हणजे बोल तोंडाने म्हणतात का? आठ-दहा जण एकदम वाजवत असतील, एकाचा तबला काळी एकच्या सुराला आणि दुसऱ्याचा पांढरी चारच्या, तर तिथून उठा. त्या गलक्यात तुमचा ‘ना’ चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, पडतोय की मैदानात, म्हणजे कड आणि शाई यांच्या मधल्या भागात, हे कोण ऐकणार? सर एकेकाला थांबवून एकट्याचा हात ऐकत असतील, तर क्लास चांगला समजा. आणि बेधडक विचारा, ‘सर, गाणाऱ्याबरोबर कधी बसवता?’ या प्रश्नावर चिडणारे सर मला तरी नकोत.

ऑनलाइनचं म्हणाल तर बोल पाठ करायला ठीक. आवाज मागेपुढे पोचतो, त्यामुळे सरांबरोबर एकत्र वाजवता येत नाही. रील बघून तिरकिट शिकलेल्यांचा निकास, म्हणजे बोल काढायची पद्धत, सुधारायला सरांना दुप्पट वेळ लागतो.

वयाची मात्र धास्ती घेऊ नका. पन्नाशीत सुरू करून दादरा, केरवा, भजनी ठेका नीट धरला तरी साथीला बोलावणं येतं. तबला लगेच विकत घेऊ नका; कुठल्या सुराचा घ्यायचा ते सर सांगतील. पावसाळ्यात पुडी, म्हणजे वरचं चामडं, ओल धरते, सूर उतरतो. वाद्य बिघडलं म्हणून दुकान गाठायची गरज नसते, हातोडी चालवायला शिका.

पखवाजाची ओढ असेल तर नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावांतलं एखादं भजनी मंडळ गाठा. हरिपाठाला नेमाने जा. सुरुवातीला हातात टाळच देतील. घ्या. पखवाजवाल्या बुवांच्या शेजारी बसा आणि त्यांचा डावा हात बघत राहा.