'शुगर'चा माग साखरेपर्यंत कसा काढायचा

इंग्रजी शब्द ओळखीचा वाटला की लोक थेट संस्कृतात उडी मारतात. माग उलटा काढायचा, पण एकही मुक्काम न गाळता. प्रत्येक मुक्कामी तीन गोष्टी टिपा: रूप, तिथला अर्थ, सर्वांत जुनी लेखी नोंद.

उसाच्या पट्ट्यात राहतो, तर 'शुगर'च घ्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात व्युत्पत्तीबरोबर सनावार उतारे असतात. आधी उतारे वाचा. हा शब्द इंग्रजीत १३व्या शतकाच्या अखेरीस दिसतो. तिथून मागे जुनी फ्रेंच 'सुक्र', मध्ययुगीन लॅटिन 'सुक्कारुम', अरबी 'सुक्कर', फारसी 'शकर' आणि शेवटी संस्कृत 'शर्करा'. शर्करा म्हणजे मुळात वाळू, बारीक खडे. आयुर्वेदातल्या 'मूत्रशर्करे'त तोच अर्थ उरलाय. आपली 'साखर' या वाटेने आलीच नाही. ती प्राकृत 'सक्करा'तून घरच्या घरी घडली.

फारसी मुक्कामाला मराठवाड्यात मदत सहज मिळते: उर्दू वाचणारं कुणीतरी गल्लीत असतंच. मात्र त्या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे 'शकर' आणि आभार या अर्थाचा 'शुक्र' एकसारखेच दिसतात. अर्थ पाहूनच नोंद निवडा. दुसरी अडचण 'क'ची. देवनागरीतल्या एका 'क'मागे काफ आणि क़ाफ अशी दोन अक्षरं लपतात. 'कँडी'च्या वाटेवरचा 'क़ंद' (संस्कृत 'खंड') काफखाली शोधत बसलात तर सापडणार नाही.

नुसत्या सारखेपणावर जाऊ नका. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा काडीचा संबंध नाही. उलट 'दश' आणि 'टेन' सख्खे. कारण जिथे संस्कृतात द, तिथे अस्सल इंग्रजीत ट, हे नेमाने घडतं: दंत-टूथ, द्वि-टू. प-फचंही तसंच: पितृ-फादर, पद-फूट. पण हा नेम सामायिक वारशाच्या शब्दांचा. 'शुगर'सारख्या उसन्या शब्दाला तो लावू नका.

भारतातून गेलेल्या शब्दांसाठी १८८६चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिथे 'जॅगरी' जरूर पाहा. अर्थ गूळ, म्हणून 'गुड'कडे वळाल तर चुकाल: मल्याळम 'चक्कर'वरून पोर्तुगीज 'जागरा', आणि 'चक्कर'च्या मागे पुन्हा तीच शर्करा.