तान्ह्या बाळाच्या डोक्याचे त्रिमितीय मोजमाप कसे घ्यावे

डोक्याचा घेर मोजायला टेप पुरेशी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्याशी ताडण्यासाठी घेर टेपनेच घ्यावा. मात्र सारखाच घेर असलेल्या दोन बाळांपैकी एकाचे डोके मागच्या बाजूने एकीकडे चपटे असू शकते आणि टेपवर ते दिसत नाही. डोक्याच्या आकाराचा प्रश्न असतो तेव्हा त्रिमितीय छायाचित्रण कामी येते. त्यात बाळाभोवतीचे अनेक कॅमेरे एकाच क्षणी, काही मिलिसेकंदांत, छायाचित्रे टिपतात आणि संगणक त्यांतून डोक्याचा पूर्ण पृष्ठभाग उभा करतो. यात क्ष-किरण नसतात आणि बाळाला गुंगीचे औषधही द्यावे लागत नाही.

मोजमापाची खरी मदार तयारीवर असते. दिवसाची सुरुवात कॅलिब्रेशनने, म्हणजे कॅमेऱ्यांचे मोजमाप अचूक जुळवून घेण्याने, करावी आणि कॅमेऱ्याला धक्का लागल्यास ते पुन्हा करावे. पालकांना भेटीची वेळ देतानाच सांगून ठेवावे की त्या दिवशी मालिश झाली तरी टाळूवर तेल भरू नये, कारण तेलकट त्वचेवर प्रकाश चमकतो आणि पृष्ठभागाचा तेवढा भाग वेडावाकडा किंवा रिकामा येतो. कपाळावरची तीट भुवयांच्या मध्ये असेल तर ती पुसून घ्यावी, कारण नाकाच्या मुळाजवळची खूण तिच्या जवळच लावायची असते.

केस ही सर्वांत मोठी अडचण आहे. पातळ नायलॉनची घट्ट टोपी सुरकुती न पडता बसवावी आणि दोन्ही कानांच्या भोकांपुढचे छोटे उंचवटे उघडे राहतील हे पाहावे. जावळ काढल्यानंतर स्कॅन अधिक स्वच्छ येतो. पण आधीचा स्कॅन दाट केसांवर टोपी घालून घेतलेला असेल, तर दोन्ही आकड्यांतला काही फरक केसांच्या जाडीचाच असतो. म्हणून प्रत्येक नोंदीत जावळ होते की नाही हे लिहावे. माझ्या मते ही एक ओळ पुढच्या अनेक शंका वाचवते.

चार महिन्यांच्या आतल्या बाळाची मान पुरती धरलेली नसते, म्हणून त्याला आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसवून काखेखालून आधार द्यायला सांगावे. त्यांची हनुवटी, हात किंवा ओढणी डोक्यामागे येता कामा नये. खुळखुळा कॅमेऱ्यांच्या मध्यभागी, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. रडणाऱ्या बाळाचा स्कॅन घाईने घेऊ नये. दूध पाजून थोडे थांबावे. स्कॅन मिळताच, बाळ तिथे असतानाच, तो पडद्यावर फिरवून डोक्याचा मागचा भाग तपासावा. तिथे भोक राहिले तर सॉफ्टवेअर ते अंदाजाने गुळगुळीत बुजवते, आणि आपल्याला मोजायचा असलेला चपटेपणा नेमका तिथेच असतो. असा स्कॅन टाकून द्यावा आणि दुसरा घ्यावा.

नंतर नाकाच्या मुळाशी एक आणि कानांपुढच्या उंचवट्यांवर दोन अशा तीन खुणा लावून त्यांतून जाणारे पायाभूत प्रतल (मोजमापांचा आधार असलेली सपाट पातळी) ठरवावे आणि मोजमापे त्याला समांतर छेदावर घ्यावीत. छेद कोणत्या उंचीवर घेतला ते लिहून ठेवावे आणि प्रत्येक भेटीत तीच उंची ठेवावी. रुंदीला लांबीने भागून 100 ने गुणले की शिरोनिर्देशांक मिळतो. तो डोक्याची लांबट किंवा आडवी ठेवण सांगतो. तिरकेपणासाठी मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 30 अंशांवर दोन कर्ण, म्हणजे डोक्याच्या आरपार जाणाऱ्या तिरक्या रेषा, काढावेत आणि त्यांतल्या फरकाची टक्केवारी काढावी. ही टक्केवारी 3.5 च्या आत असेल तर डोके सहसा सममित मानले जाते.

इथे एक खाच आहे. समजा कर्ण 150 आणि 140.8 मिलिमीटर आहेत. फरक 9.2 मिलिमीटर, मोठ्या कर्णाने भागल्यास 6.1 टक्के येतात आणि लहान कर्णाने भागल्यास 6.5. प्रचलित श्रेणींमध्ये सौम्य आणि मध्यम यांची सीमा 6.25 वर असल्यामुळे एकाच बाळाची श्रेणी केवळ भाजकामुळे बदलते. म्हणून सूत्र अहवालात स्पष्ट लिहावे. टक्केवारीबरोबर मिलिमीटरमधला फरकही द्यावा, कारण पहिल्या तीन महिन्यांत घेर दरमहा सुमारे 2 सेंटिमीटरने वाढतो आणि फरक तेवढाच राहिला तरी टक्केवारी आपोआप उतरते; पालकांना ती सुधारणा म्हणून सांगणे योग्य नाही.

शेवटी स्कॅन वरून पाहावा. झोपण्याच्या सवयीमुळे आलेल्या चपटेपणात डोके समांतरभुज चौकोनासारखे दिसते आणि चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला असतो. तसे नसेल, कवटीच्या हाडांमधल्या सांध्यावर उंच कडा जाणवत असेल, किंवा टेपने घेतलेला घेर वाढीच्या रेषा ओलांडत असेल, तर सांधा वेळेआधी जुळल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या स्कॅनची तारीख देत न बसता बाळाला लगेच बालमेंदूशल्यचिकित्सकांकडे पाठवावे.