इन्व्हर्टर-बॅटरी बसवताय? या चुका टाळा, आपल्या खान्देशच्या उन्हात तर नक्कीच

मार्च लागला की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे इन्व्हर्टरची खरेदी जोरात सुरू होते, आणि दोन-अडीच वर्षांनी त्याच घरांतून ऐकू येतं, "बॅटरी खराब व्हई गयी भो." बऱ्याचदा बॅटरी चांगलीच असते, नाहीतर मग ती आपल्याच हाताने मेलेली असते.

सगळ्यात मोठी चूक जागेची. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५-२७ डिग्री तापमान धरून मोजलेलं असतं, त्याच्यावर दर ८-१० डिग्री वाढलं की ते जवळपास निम्म्यावर येतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं, आणि लोक बॅटरी ठेवतात कुठं, तर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नाहीतर दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लावून! जिन्याखाली, सावलीत, वारा खेळता राहील अशी जागा बघा. काही घरांत देवघराच्या खालच्या कपाटात बॅटरी कोंबलेली असते, वर दिवा चालू. अहो, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो, तिथे दिवा-अगरबत्ती नकोच आणि बंद कपाट तर अजिबात नको.

दुसरं लोडचं गणित. १५० एएच (अँपिअर-अवर), १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर, पण इन्व्हर्टर मध्येच थोडी वीज खातो, म्हणून १३०० ते १४०० च धरा. दोन जुने पंखे आणि चार एलईडी मिळून १८० वॅटच्या आसपास होतात, म्हणजे सात तास आरामात. आता त्यातच २०० वॅटचा कूलर लावला की तीन-साडेतीन तासांत खेळ खल्लास, कारण लोड वाढला की बॅटरी हिशोबापेक्षाही लवकर उतरते. उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप नाही हे मान्य, पण मग बॅटरी तशी मोठी घ्या नाहीतर पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावा, ते ३० वॅटच्या आसपास चालतात. कूलर किंवा पंखा इन्व्हर्टरवर घुंss करत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, नवीन घेताना प्युअर साईन वेव्हच मागा. आणि इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर यांचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर ठेवूच नका, पाहुणे आले की कोणीतरी तिथंच इस्त्री लावतं.

आता गावाकडची खास तक्रार: "लाईट आहे तरी इन्व्हर्टर बॅटरीवरच चालतो." शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, आणि इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएस मोडला असेल तर साधारण १८० व्होल्टच्या खाली तो मेनची लाईट घेतच नाही, सरळ बॅटरीवर जातो, म्हणजे लाईट असूनही बॅटरी उतरत राहते आणि खरी लाईट गेली की दहा मिनिटांत शिट्टी. नॉर्मल किंवा इको मोड करा, त्यात बरेच इन्व्हर्टर शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत चालवून घेतात. फक्त कॉम्प्युटर असेल तर लाईट जाताना तो रीस्टार्ट होऊ शकतो. मोड बदलण्याआधी वायरमनला मीटर लावून पंप चालू असतानाचं व्होल्टेज बघायला सांगा, पंप बंद असताना बघून काही उपयोग नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. बोअरचं नाही, आरओचं नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड तर कधीच टाकायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. झाकणावरचा फ्लोट लाल खुणेला खाली गेला की भरा, हिरव्या खुणेला आला की थांबा, गळ्यापर्यंत भरलं तर चार्जिंगला उकळून बाहेर येतं आणि टर्मिनल खातं. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी फ्लोट बघायचा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी साठलेली दिसली तर आधी इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद करा, मग गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घेऊन पुसा, नट पक्का आवळा, वर व्हॅसलीन लावा. हे करून कित्येकांचा बॅकअप परत येतो. १२ व्होल्टवर ७०० वॅट ओढले की वायरमधून ६०-७० अँपिअर जातात, सैल लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) किंवा बारीक वायर तिथं लगेच तापते, आणि वायर लांब असली की वीज वाटेतच वाया जाते. म्हणूनच बॅटरी खाली आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर असलं काही करू नका.

घरात ईएलसीबी (शॉकपासून वाचवायला आपोआप पडणारा स्विच) असेल आणि इन्व्हर्टर बसवल्यापासून सारखा पडत असेल तर बहुतेक न्यूट्रल एकमेकांत मिसळलेत. इन्व्हर्टर लाईनचा न्यूट्रल वेगळा ओढायला लावा. ईएलसीबीच काढून टाकतो म्हणणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सोलर बसवलंय म्हणून इन्व्हर्टर नको, असंही बरेच जण समजतात. पीएम सूर्यघर योजनेतून लोक बहुतेक ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर बसवतात, आणि महावितरणची लाईट गेली की तेही बंद पडतं, लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागणारच.

आणि २४ व्होल्टच्या, म्हणजे दोन बॅटऱ्यांच्या सिस्टीममध्ये एक बॅटरी गेली म्हणून एकच नवी जोडू नका, जुनीबरोबर नवीनही लवकर जाते. बॅटरी गेलीच आहे का हे हायड्रोमीटरने, म्हणजे ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने बघता येतं. पूर्ण चार्ज झाल्यावर सहाही सेल १२४० च्या जवळ दाखवतात, पाच बरोबर आणि एकच ११५० ला अडकला असेल तर तो सेल गेला. बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन दुकान गाठा, आणि रीडिंग समोरच घ्यायला लावा.